लवणातलं घर

ओढ्याच्या अलीकडं गाव आणि पलीकडं आमची बौद्ध वस्ती, अशी आमच्याकडची मांडणी फार जुनी. कळंबच्या रस्त्याजवळ ओढा वळायचा, आणि त्या वळणावर गावाच्या बाजूनं एक मोठं लवण होतं. लवण म्हणजे खोलगट जमीन. पावसाळ्यात ओढ्यात पाणी मावेनासं झालं की ते तिथं पसरून बसायचं, चार-आठ दिवसांत मुरायचं, आणि पुढं दिवाळीपर्यंत म्हशींना हिरवं गवत मिळायचं. लव्हाळा, शिंदी, कडेला करंजाची झाडं. गावातली माणसं लवणाला घाण म्हणायची, सकाळी तिथंच परसाकडंला जायची आणि उन्हाळ्यात संध्याकाळी करंजाखाली गार वाऱ्याला येऊन बसायची.

वस्तीच्या बाजूला काळ्या मातीचा उंच काठ होता. तो कुणी बांधला नव्हता. ओढ्यानंच वर्षानुवर्षं गाळ आणून घातला होता आणि शिंदीच्या मुळांनी तो धरून ठेवला होता. त्या काठामुळं वस्तीत पाणी शिरत नसे. फुकट मिळालेल्या गोष्टीची जेवढी कदर असते तेवढीच आम्हाला त्याची होती.

बहात्तरच्या दुष्काळात ओढ्याच्या वाळूत खड्डे करून वाटीनं पाणी भरायचे दिवस आले. लवण तडकलं. त्याच्या भेगांत माझा पाय घोट्यापर्यंत जायचा. दुष्काळी कामं निघाली तेव्हा वस्तीतल्या बाया लांबच्या तलावावर जाऊ लागल्या, अंधारात निघायच्या आणि अंधारात परत यायच्या. माझी माय त्यांतच होती. अशात आमच्या गावासाठी वेगळं काम मंजूर झालं. ओढ्याचं वळण मोडून तो सरळ करायचा आणि निघेल ती माती लवणात टाकून लवण बुजवायचं. हे काम खटपट करून आणलं होतं गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी. माझे वडील, अण्णा, त्याच शाळेत शिपाई होते. हेडमास्तर वस्तीत येऊन गेले, बायांना म्हणाले की आता तुम्हाला तुमच्या दारात काम. बायांनी त्यांना दुवा दिला. हेडमास्तरांच्या डोक्यात तेव्हाच लवणाचे प्लॉट पडलेले होते, हे आम्हाला कळायला पुढं काही वर्षं गेली.

मजुरी खणलेल्या मातीवर मिळायची. खणलेल्या खड्ड्याला चौकडी म्हणत. मुकादम संध्याकाळी चौकड्या मोजायचा, माती कुठली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आखून दिलेल्या रेघेवर खाली मुरूम लागला. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि दिवसभरात चौकडी अर्धी सुद्धा होत नव्हती. शेजारीच आमचा काठ होता, मऊ काळ्या मातीचा, फावड्याला लोण्यासारखा. माय टोळीची म्होरकी होती. तिनं टोळी काठावर नेली. वस्तीतल्या दोघातिघांनी कुरकुर केली, पण त्यांच्याही बायका मायच्या टोळीत होत्या आणि घरी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची वाट बघणारी पोरं त्यांनाही होती. शिंदीची मुळं निघाली ती सरपणाला गेली. महिन्या-दोन महिन्यांत आमचा काठ एका जागी इतका पातळ झाला की मी त्यावरून चालताना दोन्ही बाजूंना हात पसरून तोल सांभाळायची. पाऊस परत येईल यावरच त्या वर्षी कुणाचा विश्वास उरला नव्हता. पुरासाठी मातीचा काठ राखून ठेवा, असं उपाशी बाईला कोण सांगणार होतं? मला मायचा राग येत नाही. तो मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

मग पाऊस परत आला, पण बेताचा. सरळ केलेल्या ओढ्यातून पाणी गुमान वाहून जाई. सगळ्यांना वाटलं काम झकास झालं. गावात तेव्हा सहकाराचं वारं होतं. कारखाना, दूध, पतपेढी, ज्याला त्याला चेअरमन व्हायचं होतं. आमच्या हेडमास्तरांनी घरांची सोसायटी काढली आणि ते चेअरमन झाले. जमीन सरकारी, बुजवलेल्या लवणाची. ती सोसायटीला मिळायची तर सभासदांत मागासवर्गीय असले पाहिजेत असा नियम होता. शाळेत शिपाई होताच. दुसरा एक आमच्यातलाच कारकून तहसिलीत होता. दोघांच्या सह्या घेतल्या आणि जमीन मिळाली.

अण्णांना त्या सहीचं किती अप्रूप होतं ते सांगून पटणार नाही. शाळेत हेडमास्तर त्यांना अरे-तुरे करत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र सगळे सभासद सारखे म्हणून अहो-जाहो. अण्णा घरी येऊन मीटिंगमधलं एकेक वाक्य मायला ऐकवत. चेअरमन काय म्हणाले, मग मी काय म्हणालो. खरं तर अण्णा काही म्हणालेले नसत, पण खुर्चीवर बसलेले असत. वस्ती सोडून सोसायटीत पक्कं घर बांधायचं, याशिवाय त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं.

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. इतर सगळ्यांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या एका मोठ्या डब्यात होत्या. आमच्या दोन सभासदांसाठी एक लहान डबा वेगळा ठेवला होता. का, असं कारकुनानं विचारलं तेव्हा चेअरमन म्हणाले, तुमचा हक्क राखीव आहे, तो मोठ्या डब्यात हरवायला नको. त्या डब्यात दोनच चिठ्ठ्या होत्या, आणि दोन्ही प्लॉट लवणाच्या पार बुडाशी. कारकुनानं तिथं कधी घर बांधलंच नाही, लातूरला बदली करून घेतली. अण्णांनी बांधलं.

माय तयार नव्हती. ती म्हणाली, "अवो, ही भर म्याच टाकलीया. खाली नुसत्या बाभळीच्या फांद्या हायती."

"सगळ्या सोसायटीखाली तूच टाकलीस ना?" अण्णा म्हणाले. "मग त्यांना न्हाय भ्या वाटत, अन् तुला वाटतंय?"

घर झालं. दोन खोल्या विटांच्या, वर पत्रे, दाराला निळा रंग. अण्णांनी दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, पत्ता विचारत कुणी येणार असल्यासारखी. सोसायटीच्या नळावर आमचा नंबर शेवटचा असे. आमचं घर शेवटचं म्हणून नंबर शेवटचा, असं शेजारणी सांगत. कारण खरं होतं, त्यामुळं भांडताही येत नव्हतं. मायनं तिथं जितकी वर्षं काढली तितकी वर्षं तिची बसण्या-उठण्याची जागा वस्तीतच राहिली. दुपारी काम आवरलं की ती ओढा ओलांडून माझ्या चुलत्याच्या, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाच्या घरी जाऊन बसायची आणि संध्याकाळी परत यायची.

मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी पावसानं सगळी कसर भरून काढली. माळावर रात्रभर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी भरदुपारी पाणी आलं. पूर्वी वळणावर अडखळत यायचं ते, आता सरळ रस्ता मिळालेला, धावतच आलं. त्याला पसरायला जागा हवी होती. ती त्याची जुनी जागा त्यानं शोधून काढली, आणि त्या जागेच्या बुडाशी आमचं घर होतं. बघता बघता पाणी कमरेएवढं झालं. जात्या-पाट्याच्या वजनाची माणसं होतो म्हणून वाहून गेलो नाही एवढंच. आम्ही तिघं निघालो ते वरच्या अंगाला हेडमास्तरांच्या ओट्यावर येऊन उभे राहिलो. आत या, असं कुणी म्हणालं नाही. पावसात भिजलेल्या माणसाला ओट्यावर उभं राहू दिलं, हेच पुष्कळ असा त्यांचा चेहरा होता.

पाणी वर चढत होतं. आता ते खालच्या रांगेतल्या शाळेच्या दुसऱ्या मास्तरांच्या, ग्रामसेवकाच्या घरांना टेकलं. तेव्हा ओट्यावर जमलेल्या सभासदांचा विचार सुरू झाला. पलीकडचा काठ फोडला तर पाणी वस्तीतून निघून जाईल. पण सोसायटीची माणसं फावडी घेऊन गेली तर वस्ती दगड घेऊन उभी राहील. बोलता बोलता सगळ्यांच्या नजरा अण्णांकडं गेल्या. हेडमास्तर छत्री धरून त्यांच्याजवळ आले आणि त्या दिवशी अगदी अहो-जाहो करून बोलले.

"काठ कुठं पातळ आहे हे तुम्हालाच ठाऊक. तुमच्या मंडळींनीच खणलाय तो. आणि बुडतंय ते घरही तुमचंच आहे."

मायनं अण्णांचा सदरा मागून धरला. "तिकडं भावजी हायती, लेकरंबाळं हायती," एवढंच ती म्हणाली. अण्णा म्हणाले की आधी सगळ्यांना बाहेर काढतो, मगच. सदरा सोडवून घेतला आणि वरच्या पुलावरून पलीकडं गेले. हातात सोसायटीचं फावडं.

ओट्यावरून सगळं दिसत होतं. अण्णा घरोघर फिरले. आपला माणूस सावध करायला आला, असं वस्तीला वाटलं. माणसं बाहेर पडली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, शेरडं सोडली. माझ्या चुलत्यानं तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग सगळे चढावर गेल्यावर अण्णा एकटे खाली आले आणि मायच्या चौकडीच्या जागी उभे राहून त्यांनी काठावर फावडं घातलं. फार वेळ लागला नाही. पाण्यानं उरलेलं काम स्वतःच केलं. माय ओट्यावर पाठ फिरवून बसली होती. मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात झिडकारला.

वस्तीत माणूस कुणी गेलं नाही. हे अण्णा पुढं आयुष्यभर सांगत राहिले. पण मातीच्या भिंती बसल्या, कणग्यांतली ज्वारी कुजली, लोकांनी वर्गणी काढून बांधलेल्या विहाराची खोली भुईसपाट झाली. सोसायटीतलं पाणी संध्याकाळपर्यंत उतरलं. अण्णा दुसऱ्या दिवशी भावाला मदत करायला गेले. चुलता चिखलातून भांडी काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तू आता तिकडचा," तो म्हणाला. "तिकडंच ऱ्हा."

त्या दिवसापासून वस्तीत आम्हाला लग्नाचं बोलावणं आलं नाही, मयताचं कळवणंही आलं नाही. मायची दुपारची जागा गेली. ती दुपारी दाराशी बसून ओढ्याकडं बघायची. भाताला आधण ठेवून विसरायची. मी तिच्याशी बोलायला गेले तर म्हणायची, म्या काठ खाल्ला, आता काय बोलू. सोसायटीनं मात्र मीटिंगमध्ये अण्णांच्या अभिनंदनाचा ठराव केला. टाळ्या वाजल्या. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत, पण ठरावातलं वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितलं.

दिवाळीनंतर उस्मानाबादहून एक तरुण इंजिनियर आला. भला माणूस होता, मी त्याला दोष देणार नाही. दोन दिवस हिंडला, जुन्या लोकांशी बोलला, आणि त्यानं सोसायटीला सांगितलं की भिंती बांधून हे पाणी थांबायचं नाही. लवण परत उघडं करा. बुडाच्या दोन प्लॉटवरची भर काढून तिथं पाणी साठू द्या, मुरू द्या. ओढ्याचे काठ उतरते करा, त्यावर गवत आणि शिंदी लावा, वस्तीच्या बाजूचा काठही भरून घ्या. वर चार झाडं लावली तर वर्षभर बसायला बाग होईल. ऐकायला किती बरं वाटत होतं. सगळं खरंही होतं. त्यानं विचारलं की त्या बुडाच्या प्लॉटवर घर दिसतंय, ते कुणाचं?

"आपलंच माणूस आहे," हेडमास्तर म्हणाले.

मीटिंग भरली. मी मुद्दाम गेले होते, मागं दाराशी उभी राहिले. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये तोंड उघडलं. सोसायटीत वरच्या अंगाला एक प्लॉट रिकामा आहे, तो बदल्यात मिळावा, असं ते म्हणाले. आवाज शाळेची घंटा झाल्यावर वर्गात निरोप सांगायला जाणाऱ्या शिपायाचा होता. चेअरमननी शांतपणे सांगितलं की तो प्लॉट दत्तमंदिरासाठी ठेवलेला आहे, देवाची जागा कशी देणार. भरलेले पैसे परत मिळतील. तुम्ही एवढं सोसायटीसाठी केलंत, आता हेही करा, असंही कुणीतरी म्हणालं, आणि ते म्हणणाऱ्याला आपण काय बोललो याची जाणीव सुद्धा नव्हती. मग चेअरमन म्हणाले की असा ठराव एकमतानं झाला तर बरा दिसतो. हात वर झाले. अण्णांनी आजूबाजूला बघितलं. सगळ्या खुर्च्यांवरचे हात वर होते. त्यांनी स्वतःचाही वर केला.

घरी येताना मी त्यांना विचारलं की तुम्ही हात का वर केलात. ते म्हणाले, "सभासद हाय न् मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रस्त्यात थांबले, ते थांबले नाहीत.

घर अण्णांनीच उतरवलं. पत्रे, दार, चौकट, पाटी. विटा सोसायटीनं बागेच्या कडेला लावायला मागितल्या, त्याही त्यांनी दिल्या. आम्ही एस. टी. स्टँडमागं एका मुसलमान अत्तारांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेलो. त्यांनी आडनाव विचारलं नाही, भाडं वेळेवर द्या एवढं म्हणाले, आणि त्या वर्षात आम्हाला कुणी बोललेलं ते सगळ्यांत सरळ वाक्य होतं. त्यांच्या घरातल्या चाचींनी मायला पहिल्याच दिवशी चहा दिला. मायनं तो घेतला आणि पदर तोंडावर धरून रडली.

बाग झाली. झकास झाली, हे मला म्हणावंच लागतं. पहिल्याच मोठ्या पावसात लवण भरलं, चार-पाच दिवस भरलेलं राहिलं, मुरलं, आणि सोसायटीत कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. वस्तीतही शिरलं नाही. सोसायटीच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकू लागलं. पाणकोंबड्या आल्या, लव्हाळा परत उगवला. हेडमास्तर निवृत्त झाल्यावर रोज सायंकाळी तिथल्या बाकावर बसत. आता बाहेरगावची माणसं येतात, फोटो काढतात, पाण्याला जागा कशी द्यावी ते या गावाकडून शिका म्हणतात. एकदा मी ते उभ्यानं ऐकलं. जागा कुणी दिली, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नाही. आणि बाग चुकीची होती असं म्हणायची सोयही माझ्याकडं नाही, याचाच मला सगळ्यांत जास्त संताप येतो.

अण्णांना निवृत्तीनंतर एक सवय लागली. जोराचा पाऊस झाला की छत्री घेऊन ते लवणाच्या कडेला जाऊन उभे राहायचे. पाणी चढताना बघायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगायचे की तिथं मधोमध आमचं घर होतं, गावासाठी आम्ही दिलं. लोक बरं बरं म्हणून पुढं जायचे. सोसायटीतली नवी बिऱ्हाडं त्यांना ओळखतही नव्हती. हे मायच्या कानावर आलं. त्या दिवशी ते भिजून घरी आले तेव्हा तिनं टॉवेल हातात दिला आणि समोर बसली.

"अवो, लोकास्नी काय बी सांगू नगा," ती म्हणाली. "आपण दिलं न्हाय. त्यांनी घेतलंया."

अण्णांनी डोकं पुसलं, टॉवेल दोरीवर टाकला.  जेवायला वाढलं तसं जेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ परत भरून आलं. मायनं छत्री लपवून ठेवली होती. ते तसेच भिजत गेले.